नियम मंत्रालयात, टँकर आमच्या दारात

झालं, शेजारचा बंगला पण पडला, आता तिथे अकरा मजले. आमची गल्ली कागदावर ९ मीटर, दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की जेमतेम एक रिक्षा जाते. पहाटे पाचला टँकर रिव्हर्स घेत येतो, तो टीं टीं आवाज आणि पायपातून गळणारं पाणी, चिखल तुडवत पोरं शाळेच्या बसकडे पळतात. आणि अजून एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, वाढवायचं?

हा एफएसआय ठरतो बांधकाम नियमावलीत, आणि डिसेंबर २०२० ला राज्य सरकारने मुंबई वगळता जवळपास अख्ख्या राज्याला एकच नियमावली लावली. अरे पण पाणी सगळीकडे एकसारखं आहे का? रस्ते? ड्रेनेज? वॉर्ड ऑफिसात विचारलं तर म्हणे नियम वरूनच आलाय, आमच्या हातात काही नाही. मग कुणाच्या हातात आहे? ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन पालिकेचं काम म्हणून यादीत घातलं ना? मार्च २०२२ ला मुंबई-पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली, मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये, जवळजवळ चार वर्षं राज्याने नेमलेला प्रशासक, तोपर्यंत आम्ही तक्रार कुणाच्या दारात न्यायची होती?

घरं हवीतच हो, माझ्या भाच्याला पण परवडत नाहीयेत. पण आधी पाण्याची लाईन टाका, मग मजले चढवा!