सेटिंग्जची नावं बदलणं ही नसती उठाठेव? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही दोन ओळींत उरकणार नाही. जँगो (वेबसाइटी बांधायचं पायथनमधलं फ्रेमवर्क) प्रोजेक्टमधली सेटिंग्जची नावं आम्ही एका धाटणीची केली, त्या लेखावरचे तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चालत्या कोडला उगाच हात लावला, काम निव्वळ रंगरंगोटीचं होतं, गिट ब्लेम (कोडची कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी सोय) खराब झालं, आणि बदलायचंच होतं तर जुनी नावंही कायम चालू ठेवायला हवी होती.

रंगरंगोटीचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. फंक्शनचं नाव चुकलं की पायथन तिथल्या तिथे बोंब मारतो. सेटिंगचं नाव चुकलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. जँगोला ओळखीचं नाव सापडलं नाही की तो मुकाट्याने डिफॉल्ट उचलतो आणि तुम्ही लिहिलेली ओळ फाइलमध्ये नुसती पडून राहते.

जँगोचंच उदाहरण घ्या. 2023 मध्ये 4.2 आलं आणि 'डिफॉल्ट_फाइल_स्टोरेज' व 'स्टॅटिकफाइल्स_स्टोरेज' या दोन सेटिंग्जच्या जागी 'स्टोरेजेस' ही एकच डिक्शनरी आली. जुनी नावं 2024 मध्ये 5.1 ने काढून टाकली. आता समजा, तुमच्या फाइलमध्ये जुनंच नाव आहे, त्यात एस-थ्रीचा (ॲमेझॉनच्या क्लाउड स्टोरेजचा) बॅकएंड दिलाय आणि तुम्ही 5.1 वर गेलात. ॲप सुरू होतं. अपलोडही होतं, पण एस-थ्रीऐवजी ॲप ज्या तात्पुरत्या डब्यात चालतं, त्या कंटेनरच्या डिस्कवर. पुढच्या डिप्लॉयला, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवताना, कंटेनर बदलला की त्या फाइली गेल्या. आधी इशारा मिळत होता हे खरं, पण पायथन असे डेप्रिकेशनचे ('हे नाव पुढे जाणार आहे' असे) इशारे एरवी दाखवतच नाही. टेस्ट चालवताना '-Wa' दिलं तर दिसतात, आणि ते किती जण देतात?

एककांचा घोळ तर याहून वाईट. पासवर्ड बदलायची लिंक किती वेळ चालेल ते ठरवणारं 'पासवर्ड_रिसेट_टाइमआउट_डेज' हे नाव 3.1 मध्ये बाद ठरून 'पासवर्ड_रिसेट_टाइमआउट' आलं, आणि दिवसांचे सेकंद झाले. डिफॉल्ट तीन दिवस, म्हणजे 259200. कुणी नाव बदललं आणि 3 हा आकडा तसाच ठेवला, तर ईमेलमधली लिंक उघडेपर्यंत मेलेली. (एकक नावातून काढायला नको होतं, असं माझं मत. असो.) आमच्याकडेही एक टाइमआउट मिलिसेकंदांत होता, दुसरा सेकंदांत, आणि नावावरून काही कळायचं नाही. पहिल्याचा 5000 बघून कुणी तोच एसएमएस गेटवेच्या सेटिंगमध्ये टाकला असता, तर गेटवे गप्प बसल्यावर सेलरीचा (पडद्यामागची कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमचा) वर्कर 83 मिनिटं ताटकळला असता. आता आमच्या प्रत्येक टाइमआउटच्या नावाच्या शेवटी 'सेकंड्स' आहे. याला रंगरंगोटी म्हणायचं असेल तर म्हणा.

गिट ब्लेमचं सोपं आहे. नुसत्या नामांतराचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) वेगळा ठेवायचा आणि त्याचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, 'इग्नोर-रेव्हज'च्या फाइलमध्ये टाकायचा, की ब्लेम तो वगळतं; गिट 2.23 पासून ही सोय आहे.

सरसकट सगळं मात्र आम्ही बदललेलं नाही. 'सीक्रेट_की' जँगोचं, त्याला हात नाही. 'डेटाबेस_यूआरएल' आमच्या धाटणीत बसत नाही, तरी ठेवलं, कारण हेरोकूसारखे ॲप चालवून देणारे प्लॅटफॉर्म तेच नाव स्वतःहून भरतात. आम्ही बदलली ती फक्त आमच्या घरची नावं.

राहिला जुनी नावं कायम चालू ठेवण्याचा मुद्दा. यात तुमचं अर्धं बरोबर आहे. रोलिंग डिप्लॉय (नवा कोड टप्प्याटप्प्याने चढवणं) चालू असताना जुने आणि नवे कंटेनर शेजारी शेजारी धावतात, तेव्हा सर्व्हरवर दोन्ही नावं असावीच लागतात. पण कायमची? मग रात्री दोन वाजता कुणीतरी जुन्या नावाची किंमत बदलणार, कोड नवं नाव वाचत राहणार, आणि 'मी तर बदललंय, फरक का पडत नाही' यात तास जाणार.

म्हणून आमचा क्रम असा. आधी सर्व्हरवर जुन्याच्या जोडीला नवी नावं भरली, मग कोड सोडला. तो वाचतो फक्त नवं नाव. पण सुरू होताना जुनंही तपासतो. नुसतं जुनं सापडलं, किंवा दोन्ही सापडली आणि किमती वेगळ्या निघाल्या, तर 'इम्प्रॉपर्लीकॉन्फिगर्ड' ही जँगोची एरर देऊन थांबतो. किमती सारख्या असतील तर लॉगमध्ये एक ओळ टाकून पुढे जातो. त्यानंतरच्या रिलीजमध्ये ही सवलतही काढली: जुनं नाव दिसलं की ॲप उठतच नाही, आणि कोणतं नाव कुठलं झालं ते एररमध्येच लिहिलेलं असतं.

यातून युजरला काय मिळालं, असं तुम्ही विचारलंत. त्याला काहीच नाही मिळालं. हे काम त्याच्यासाठी नव्हतंच, ऑन-कॉल असणाऱ्या, म्हणजे बिघाड झाला की धावणाऱ्या, माणसासाठी होतं.