"कॉलेज कसं आहे?" हे मला परत विचारू नका

सात. दोन दिवसांसाठी घरी, कोल्हापुरात आले आणि सात जणांनी हाच प्रश्न विचारला. स्टँडवरनं घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्या मामांनी, शेजारच्या काकूंनी, पिठाच्या गिरणीवाल्यानं. आणि काल तर हद्द झाली. आण्णांबरोबर गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेले होते. चार महिन्यांनी म्हशीचं धारोष्ण दूध, ओठावर फेस, आणि मागनं आवाज आला, "काय गं पोरी, कसं आहे तुझं पुण्यातलं कॉलेज? आमच्या ह्याला टाकावं म्हणतोय."

आण्णांचे शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतले दोस्त. शेजारी 'हा' उभा. बारावी झालेला, मोबाईलमध्ये तोंड खुपसलेला.

आता काय सांगू? आण्णा तिथंच उभे. फी, हॉस्टेल, मेस धरून कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं, तेव्हा बँकेनं तारण मागितलं आणि ह्याच माणसानं फुलेवाडीकडचा दीड गुंठा लिहून दिला. त्यांच्यासमोर म्हणू, की काका, नका टाकू? म्हटलं, "चांगलं आहे." आण्णांचा चेहरा असा काय फुलला, की हातातला ग्लास तिथंच आपटावासा वाटला.

कारण हेच "चांगलं आहे" ऐकून मी तिथं गेले. आमच्या राजारामपुरीतलाच एक दादा तिथं शिकत होता. २०२४ च्या मे महिन्यात आण्णा मला घेऊन त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "आण्णा, नाद खुळा कॉलेज आहे, डोळे झाकून घ्या." आम्ही खरंच डोळे झाकले. पुढं दुसऱ्या सेमिस्टरला कळलं, की आणलेल्या प्रत्येक ॲडमिशनमागं त्याला पैसे मिळत होते. विद्यापीठ त्याला म्हणतं 'स्टुडंट अॅम्बॅसेडर'. आमच्या गल्लीत ह्याला दलाल म्हणतात, आणि म्हशीचा दलाल निदान दात तरी मोजून दाखवतो.

त्या दादावर राग धरावा, तर आता मलाच तसले मेसेज येतात. "तुमच्या गावातील विद्यार्थ्यांशी आपला अनुभव शेअर करा." अनुभव आधीच टाइप करून पाठवलेला असतो. मी फक्त नाव घालायचं.

बरं, घाई किती! सीईटीचा निकाल लागायच्या आधी रोज फोन. सीट संपत आल्यात, आज ५० हजार भरून ब्लॉक करा. आण्णा घाबरले, भरले. पैसे भरले म्हणून मी कॅप राउंडचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीचा, फॉर्मच नीट भरला नाही. यूजीसीचा फी परत देण्याचा नियम असतो, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला बंदी आहे, हे घरात कुणाला ठाऊक? आणि त्याच जुलैमध्ये सरकारनं जीआर काढला. ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, त्यांना इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांची शिकवणी फी माफ. घरात पेढे आणायचे बाकी होते. मग खालची ओळ वाचली. प्रवेश कॅपमधनं पाहिजे, आणि खासगी विद्यापीठं वगळून, म्हणजे आमचं नेमकं बाहेर. अर्ध्या फीची आधीची योजना आहे, तिथंही तेच. त्या योजनेचं नाव काय? राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती! दसरा चौकातनं जाताना महाराजांच्या पुतळ्याकडं बघायची मला लाज वाटते. ज्या माणसानं १९०१ पासून गरिबांच्या पोरांसाठी एकेक बोर्डिंग उभं केलं, त्याच्या गावची पोरगी महिना नऊ हजार भरून तिघींच्या खोलीत राहते, आणि तिला साडेनऊला गेट बंद.

फोनवर ही ओळ कुणी वाचून दाखवली होती का? "स्कॉलरशिप आहे ना सर!" एवढंच सांगितलेलं. होती ती त्यांची स्वतःची. पहिल्या वर्षी २० टक्के सूट, दुसऱ्या वर्षी दहापैकी ८ पॉइंटरच्या खाली आलात की गायब. माझी गेली. ७.९.

शिकवण्याबद्दल काय बोलू. दोन विषय चांगले झाले, ते शिकवणाऱ्या मॅडम जानेवारीत सोडून गेल्या. बाकी स्लाइड वाचन. ब्रोशरमधलं हिरवंगार मैदान अजून मला सापडलेलं नाही. वर्गात "मी येतो" म्हटलं की अजून फिदीफिदी हसतात. (कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोच म्हणतात, तुम्हाला काय करायचंय?) ते मी सोडून दिलं, मनाला लावून घेत नाही.

मनाला लागतं ते मत विचारण्याचं नाटक. सेमिस्टरच्या शेवटी फीडबॅक फॉर्म, आणि तो भरल्याशिवाय हॉल तिकीट उघडत नाही. पाचातले तीन दिले तर खाली चौकट येते, 'कारण लिहा, किमान १०० शब्द'. पाच दिले की चौकट नाही. मागच्या वर्षी नॅकचं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, वारं होतं. नॅक विद्यार्थ्यांना थेट मेलवर प्रश्नावली पाठवते, म्हणून आम्हाला आधीच सभागृहात बसवून "तुमच्या डिग्रीची किंमत तुमच्याच हातात आहे" असं तासभर ऐकवलं. सगळ्यांनी भरलं, चांगलं आहे. मीही भरलं. कर्ज माझ्या डोक्यावर आहे, डिग्रीची किंमत पाडून मी कुठं जाणार?

आणि मग हीच मतं होर्डिंग होऊन कावळा नाक्यावर येतात. हसणारी पोरं आणि त्यांच्या डोक्यावर एकाच पोराचं सर्वात मोठं पॅकेज.

तरी मी काकांना बाजूला घेतलं. आण्णा पैसे द्यायला गेले होते. म्हटलं, काका, कसं आहे ते विचारू नका, आकडे विचारा. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगला, कॉलेज जी माहिती भरतं, त्यात किती पोरांना नोकरी लागली आणि मिडियन पगार किती हे असतं, वेबसाइटवर बघा. मोठं पॅकेज एकाचं असतं, मिडियन म्हणजे रांगेतला मधला पोरगा. चारही वर्षांची फी कागदावर लिहून घ्या. कॅपचा फॉर्म काही झालं तरी भरा. आपल्या इथलंही बघा, शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, घरचं जेवण मिळेल.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान डोलावली. मग म्हणाले, "ते असूदे गं. पण कॉलेज कसं आहे?"

'ह्या'नं पहिल्यांदा मोबाईलमधनं डोकं वर काढलं. "ताई, तिथं कँटीनला एसी आहे ना?"

आहे. एसी आहे.

"मग झालं तर," काका म्हणाले, "जरा तुझ्या ओळखीनं फी कमी होते का बघ." मी म्हटलं, येतो काका.

आज रात्रीच्या गाडीनं परत. फीडबॅक फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे आणि मला हॉल तिकीट पाहिजे. पाचातले पाच देणार आहे.