गाभोळीवाली तारली आणि १ ऑगस्ट

आज सकाळी मासळी बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत आले. पावसाळी मासेमारीबंदी उठून चार दिवस झालेत. दोन महिन्यांनी ताजी तारली दिसली, जीभ खवळलीच होती. मावशींनी पहिली तारली कापली आणि पोटातून पिवळीधमक गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, बाहेर आली. दुसरी कापली, तिच्यातही तेच. "नशीब काढलंस गो, समदी भरलेली हाय," मावशी म्हणाल्या. शेजारच्या बाईंनी लगेच दोन वाटे बाजूला ठेवायला सांगितले. मला पुढे बघवेना. कापलेल्या दोन तारल्यांचे पैसे दिले आणि निघाले.

मावशींवर राग नाही. धक्क्यावर जे येतं ते त्या विकतात. आणि कायद्याने यात चूकही काही नाही, हेच तर मला सकाळपासून खातंय.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. मे महिन्याच्या सुट्टीत मालवणजवळ मामाकडे होते, शाळा सुरू व्हायला दोन-चार दिवस उरले होते. आभाळ काळं झालेलं. त्या मोसमातली शेवटची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. सगळी वाडी दोन्ही बाजूंनी दोर ओढत होती, आम्ही पोरंही मध्ये घुसून ओढायचं नाटक करत होतो. जाळं गुडघाभर पाण्यात आलं आणि आत नुसती चांदी उसळत होती. सगळी तारली. मामाने एक उचलली, पोटावर अंगठा दाबला, गाभोळी बाहेर आली. अजून तीन-चार बघितल्या. मग म्हातारे रापणकर आपसात काहीतरी बोलले, घरटी कालवणापुरते मासे काढले आणि जाळ्याची एक बाजू खाली दाबली. उरलेली तारली आमच्या पायांमधून परत गेली. मी रडायलाच लागले. मामा म्हणाला, "पोटुशी आसत ती. आज सगळी खाल्लंस तर गणपती झाल्यार काय खातलंस?"

मामा चौथी शिकलेला. त्याला जे कळत होतं ते आपल्याला का कळू नये?

तारलीचं आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचं. वर्षभराची होता होता, वीतभर लांबीच्या आतच, ती पहिल्यांदा अंडी द्यायला तयार होते. म्हणजे जन्मात दोन पावसाळे मिळाले तर मिळाले. आणि ती पावसाळाच का धरते? नैर्ऋत्येचे वारे सुटले की पश्चिम किनाऱ्याला, विशेषतः केरळ-कर्नाटकाकडे, खालचं थंड, कसदार पाणी वर येतं. नद्या गढूळ होऊन समुद्राला मिळतात. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं हिरवं शेवाळ माजतं, त्यावर बारीक जीव वाढतात. तारली किनाऱ्याच्या बाजूला सरकते आणि तिथे अंडी सोडते. मोहरीपेक्षाही लहान अंडी, पाण्यावर तरंगतात, साधारण एका दिवसात फुटतात. पिल्लाच्या पोटाशी दोन-तीन दिवसांची शिदोरी असते. ती संपेपर्यंत तोंडासमोर खाणं आलं तर जगलं. आठवडाभर इकडेतिकडे झालं तरी सगळा हंगाम वाया जाऊ शकतो. एवढं काटेकोर वेळापत्रक तो एवढासा मासा सांभाळतो, आणि ते कॅलेंडर बघून नाही, पाणी बघून.

आपण मात्र कॅलेंडर बघतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, महाराष्ट्राच्या अख्ख्या किनाऱ्याला एकच माप. पूर्वी महाराष्ट्रात १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी येईल तोपर्यंत बंदी असायची. आता नारळी पौर्णिमेच्या आधीच इंजिनं सुरू होतात. समुद्राला नारळ द्यायच्या आधी आपण त्याच्या पोटात हात घालतो! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो. तारलीची वीण ऑगस्टमध्ये संपलेली नसते, सप्टेंबरपर्यंतही चालते. बांगड्याचंही तेच. मग ३१ जुलै ही तारीख कुणाच्या पोटाकडे बघून ठरवली? माशाच्या तर नक्कीच नाही.

हो, मान्य, पौर्णिमाही दर वर्षी मागेपुढे होते, आणि सगळेच मासे काही पावसाळ्यात अंडी घालत नाहीत. हेही मान्य की खलाशांचे पगार, डिझेल, बोटीचे हप्ते दोन महिने डोक्यावर बसलेले असतात. पण पंधरा दिवस अजून थांबायला मच्छीमाराला मदत द्या ना! ती मदत हक्काने आणि वेळेवर द्या. भरलेल्या पोटाची मासळी उपसून त्याचे हप्ते फिटणार असतील, तर पुढच्या वर्षीचे हप्ते कशाने फिटणार?

केरळात काय झालं ते आठवा. २०१२ मध्ये तिथे जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये सुमारे ३,३०० टन. सगळा दोष जाळ्यांचा नव्हता, समुद्र तापला, एल निन्योची वर्षं आली, हे शास्त्रज्ञ सांगतात आणि ते खरंच असणार. नंतर तारली परतलीही. पण समुद्र बिघडलेला असताना आपण तरी हात आवरायला नको का?

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॅपेलिन नावाचा असाच छोटा मासा उन्हाळ्यात लाटांबरोबर वाळूवर येऊन अंडी घालतो. १९९१ नंतर तो काही आठवडे उशिरा येऊ लागला. पाणी बदललं, माशाने आपली वेळ बदलली. आपल्याकडेही पाऊस कधी लांबतो, कधी मध्येच दडी मारतो. तारलीने तेव्हा काय करायचं, राजपत्र वाचायचं?

मी त्या रापणीची अर्धीच गोष्ट सांगितली. जाळं खाली दाबलं तेव्हा एकजण मामाच्या अंगावर धावून आला होता. त्याच्या घरात आजारपण होतं, पावसाळा तोंडावर, हातात पैसा नाही. तो ओरडत होता आणि चूक नव्हता. मामाने आपला वाटा त्याच्या टोपलीत ओतला. त्या रात्री आमच्याकडे कुळथाची पिठी होती, मासा नव्हता. इतकी वर्षं मी ही गोष्ट मामाच्या मोठेपणाची म्हणून सांगत आले. आज घरी येताना पहिल्यांदा त्या माणसाचाच विचार जास्त आला. थांबायची किंमत कुणीतरी चुकवतं. तेव्हा वाडीने वाटून घेतली. आता ती एकट्या मच्छीमारावर टाकून आपण वाट्यावर घासाघीस करतो.

म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय, पौर्णिमा होईपर्यंत मासे नाहीत. तुमच्यातले बरेच जण हे करतच असाल. जे करत नाहीत त्यांना एवढंच विचारते, पंधरा दिवस खरंच जड आहेत का?

दुपारी मामाला फोन केला. आता पंच्याऐंशीचा आहे, ऐकू कमी येतं. सगळं दोनदा सांगावं लागलं. त्याने एकच विचारलं, "गाभोळी पिवळी होती काय पाण्यासारी?"

"पिवळी होती, मामा."

"मगे अजून थोडे दिस होते गो तिचे."