‘मीडियानेच हे खूळ आणलं’ म्हणणाऱ्यांसाठी

‘हे खूळ मीडियाने आणलं. आपल्याकडे पूर्वी असलं काही नव्हतं. सारखं दाखवून दाखवून मुलांच्या डोक्यात भरवतात, मागे परदेशी पैसा आहे, आता तर कोर्टाने लग्नालाही परवानगी दिली. वेळीच उपचार केले तर मुलगा बरा होतो.’ समलैंगिकतेबद्दल असा एक मेसेज मराठी ग्रुपांवर फिरतोय. मी तो आधी पाहून सोडून दिला होता. परवा तो माझ्या आत्याकडे पोचला. माझा आतेभाऊ गे आहे, आणि त्याने घरी सांगून फार दिवस झालेले नाहीत. आत्याने मेसेज वाचला आणि डॉक्टरचा नंबर शोधायला घेतला. म्हणून हे लिहितेय.

‘पूर्वी नव्हतं’ हे आधी उरकते. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ मध्ये सुरू झालं. वाचक लैंगिक शंका लिहून पाठवायचे, कर्वे उत्तरं छापायचे. त्यात समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही असायचे. असल्या उत्तरांवरून खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा घरात टीव्ही नव्हता. मग ते प्रश्न पाठवणाऱ्यांच्या डोक्यात हे कोणी भरवलं होतं?

आता मुख्य मुद्दा. मीडिया म्हणे या लोकांना डोक्यावर घेतं. असं म्हणणाऱ्यांनी एक नाव पाठ करावं: रामचंद्र सिरस. आपलेच, मराठीचे प्राध्यापक, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवायचे. कवी होते, त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. निवृत्तीला काही महिने उरले होते. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री वृत्तवाहिनीची म्हणवणारी, कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबत असताना त्यांचं चित्रीकरण केलं. घर त्यांचं, दार त्यांचं, सोबतचा माणूस सज्ञान. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याआधी सात महिने, जुलै २००९ मध्येच, सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं होतं. तरी विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांना. ‘गैरवर्तन’ त्यांचं ठरलं, घरात घुसणाऱ्यांचं नाही. सर कोर्टात गेले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते राहत्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

याला कौतुक म्हणतात? पुढच्याच वर्षी हैदराबादेत एका तेलुगू वृत्तवाहिनीने ‘शहरात गे संस्कृती बोकाळली’ अशा थाटात कार्यक्रम केला. छुपा कॅमेरा लावला, डेटिंगच्या साइटवरून माणसं हुडकून त्यांना फोन केले, ती बोलणी आणि त्यांची ओळख पडद्यावर आणली. वाहिन्यांच्या स्वतःच्याच नियामक मंडळाने त्यावर एक लाख रुपये दंड केला आणि माफी दाखवायला लावली. पण ज्यांचे चेहरे घरोघरी पोचले, त्यांना ती माफी काय कामाची?

आणि दाखवून कोणी गे होत असेल, तर उलटंही व्हायला हवं. माझा आतेभाऊ लहानपणापासून मालिका, जाहिराती, सिनेमे यांत मुलगा, मुलगी आणि त्यांचं लग्न एवढंच बघत वाढला. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

बातम्यांनी लोकांची मतं बदलतात, एवढं मात्र मान्य करते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमावर ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, दिवसभर चर्चा झाली, आणि कित्येकांना घरी बोलायला निमित्त मिळालं. त्यामुळे ‘हल्ली वाढलेत’ असं वाटतं. वाढलेत ते सांगणारे. दुसरंही कबूल करते: आपल्या माध्यमांचं काम आळशी आहे. बातमी कसलीही असो, फोटो या समाजाच्या ‘प्राइड’ मिरवणुकीचाच, तोही सगळ्यात भडक पेहरावातल्या माणसाचा. मिरवणूक त्यांची, पेहरावही त्यांचा, त्यात वावगं काही नाही. पण डबा घेऊन ऑफिसला जाणारा माणूस कधी दाखवलाच नाही, तर आत्याला आपल्या मुलात आणि त्या फोटोत नातं कसं दिसणार? तृतीयपंथी तर बातमीत येतात ते बहुतेक सिग्नलवर किंवा गुन्ह्याच्या रकान्यात.

लग्नाला परवानगी? साफ खोटं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. परदेशाचं म्हणाल तर बाहेरून आलं ते ३७७ कलम. १८६० च्या दंडसंहितेत ते इंग्रजांनी घातलं.

राहिले उपचार. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते वाचून आईबाप खरोखर उठून चालू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आजारच नाही, तर बरं काय करणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे की असं ‘बदलून देण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे आत्याला त्या नंबरवर कोणी ‘मुलाला घेऊन या, सरळ करून देतो’ म्हणालंच, तर त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते, आणि ती मी करणार आहे.