पेशी तगल्या, एवढ्यावर थांबू नका

नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, टाकल्यावर २४ तासांनीही मानवी पेशी जिवंत राहिल्या, म्हणून कण सुरक्षित, असं मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. मला हे पटलं नाही. जळगावात एम.एस्सी. करताना मी एमटीटी चाचणी, म्हणजे किती पेशी जगल्या हे रंगावरून मोजायची पद्धत, हाताने केली आहे. पिवळं द्रावण जिवंत पेशींत गेलं की जांभळे स्फटिक तयार होतात आणि रंग जितका गडद, तितक्या पेशी जास्त तगल्या असं धरतात. पण कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, त्या स्फटिकांनाच चिकटून बसतात. रंग फिका येतो, धडधाकट पेशी मेल्यासारख्या दिसतात. काही कण स्वतःच प्रकाश शोषतात, तेव्हा उलटी फसगत होते. म्हणून पेशींशिवाय नुसते कण घातलेला एक खळगा चाचणीच्या प्लेटमध्ये ठेवावाच लागतो, शिवाय दुसऱ्या पद्धतीने पडताळा हवा. लेखात याचा उल्लेखच नाही.

आमच्या अमळनेरकडे कपाशीवर आता नॅनो युरिया, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं द्रवरूप खत, फवारतात. वडील पाठीवर पंप घेऊन निघतात, नाकाला फक्त रुमाल. मी मास्क दिला की म्हणतात, "काही नही व्हस." तो तुषार नाकातून आत जातो. मग फुफ्फुसाच्या पेशी द्रावणात बुडवून कशाला तपासायच्या? त्या हवेच्या संपर्कात ठेवून, थोड्या मात्रेने, अनेक आठवडे तपासा आणि ते निकाल छापा.