देवाला सोडा, दलालाला धरा

धर्माची टर उडवणारा विनोदी चित्रपट काढायचं मनात आलं असेल तर राजेहो, आधी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत जाऊन उभे राहा. शिकवणी फुकट आहे. मारबत म्हणजे रोगराई आणि वाईट हाकलायला मिरवून जाळायची बाईची मोठी मूर्ती. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. दोघींची गाठ नेहरू पुतळ्यापाशी पडते आणि सोबत बडगे, म्हणजे टर उडवायचे पुरुषी पुतळे, असतात. बडग्याच्या गळ्यात पाटी असते: महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, शेजारचा देश. पिवळ्या मारबतीच्या पायाला लोक तान्ही लेकरं लावतात आणि मिरवणूक संपली की तिलाच जाळतात. यातला बारकावा एवढाच की पाटी बडग्याच्या गळ्यात पडते, मारबतीच्या कधीच नाही. हे ज्याला उमगलं त्याची अर्धी पटकथा झाली.

उरलेली अर्धी म्हणजे देवाला क्लीन चिट. कंपनी चांगली, एजंट चोर, हे सूत्र पहिल्या पानावर लिहून ठेवा. नास्तिक नायक मध्यंतरापर्यंत बिनधास्त चालतो, नंतर त्याला झटका यावा लागतो. ‘ओह माय गॉड’ (२०१२) बघा. कांजी मेहताचं दुकान भूकंपात जातं, विमा कंपनी ‘देवाची करणी’ म्हणून हात वर करते आणि हा गडी थेट देवावरच दावा ठोकतो. कल्पना इतकी बिनतोड की निर्मात्याला रात्री झोप लागू नये. मग तोडगा काय? खुद्द कृष्ण मोटारसायकलवर बसून फिर्यादीच्याच मदतीला येतो! आरोपीच आपल्या बाजूने म्हटल्यावर भांडण कोणाशी? शेवटी लोक कांजीलाच देव करतात आणि तो स्वतःचा पुतळा स्वतः फोडतो. हा पुतळा तुमच्याही चित्रपटात ठेवाच. नायकाने स्वतःचा पुतळा फोडल्याने अजून कोणाच्या भावना दुखावलेल्या नाहीत.

देव पडद्यावर आणायचाच असेल तर हुद्दा एक पायरी खाली लिहा. ‘ओएमजी २’ (२०२३) मध्ये शंकर होता, सेन्सॉरमधून बाहेर पडेपर्यंत त्याचा शिवदूत झाला. वर ‘ए’ प्रमाणपत्र. लैंगिक शिक्षण शाळेत द्या असं सांगणारा चित्रपट शाळेतल्या पोरांनाच बघता आला नाही. तेव्हा तुम्ही सुरुवातच दूताच्या दूतापासून करा, म्हणजे कापाकापीला जागा राहील.

बाबाच्या पात्रावर मात्र हात सैल सोडा, सगळा विनोद तिथेच खपवायचा आहे. चमत्कारांवर पैसे घालवू नका. सत्यजित राय यांच्या ‘महापुरुष’मधला (१९६५) बिरिंची बाबा दोन्ही हातांच्या तर्जन्या एकाच वेळी उलटसुलट फिरवतो, एक भूतकाळ आणि एक भविष्यकाळ. खर्च शून्य. फक्त नटाला आठवडाभर आधी सराव द्या, नाहीतर ऐन शॉटमध्ये दोन्ही काळ एकाच दिशेने पळतात. खरी अडचण कफनीच्या रंगाची. भगवा, निळा, हिरवा, पांढरा हे चारही नागपुरात कोणाचे ना कोणाचे आहेत. संत्र्याचा म्हणून केशरी घ्याल तर तो भगव्यात धरला जाईल. उरतो जांभळा. त्यात बाबा लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसतो, पण चालेल. बँडवाल्यांच्या भावनांसाठी अजून कोणी निवेदन दिलेलं नाही.

विदेशी उदाहरणांच्या नादी लागू नका. चुकून मसीहा ठरलेल्या ब्रायनचा इंग्रजी विनोदी चित्रपट ‘लाइफ ऑफ ब्रायन’ (१९७९), त्याला पैसे देणारी कंपनी ऐनवेळी पळाली, तर बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने स्वतःचं घर गहाण टाकलं. आपल्याकडे घर गहाण पडतं ते लग्नासाठी. शिवाय नॉर्वेत बंदी आली आणि स्वीडनवाल्यांनी ‘इतका विनोदी की नॉर्वेत बंदी’ अशी जाहिरात करून गल्ला भरला. पण या मंडळींची मोठी चूक वेगळीच. ब्रायनची एक चप्पल मागे पडते, ती उचलून भक्त म्हणतात हीच खूण, आणि दुधी भोपळा उराशी धरलेले दुसरे भक्त त्यांच्याशी भांडतात. म्हणजे धर्म स्थापन होण्याआधीच पंथ दोन! इथे टोपी बाबाला नाही, भक्ताला बसते. आपल्याकडे भक्त म्हणजे तिकीट काढणारा. त्याला चिमटा काढून शनिवार-रविवारचा धंदा कसा व्हायचा?

कायद्याचं थोडक्यात. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं दंड संहितेतलं जुनं कलम २९५ अ, १९२७ मध्ये आलेलं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ झालं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण हेतू जाणूनबुजून आणि दुष्टबुद्धीचा हवा. अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून पटकथेवर फार विचार केल्याचे पुरावे घरात ठेवू नका. प्रमाणपत्राचं अपील ऐकणारं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, आता सरळ हायकोर्ट. वकिलाची फी ‘किरकोळ’मध्ये धरू नका.

कथेत गाय असेल तर कॅमेरा लावण्याआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी काढा. ‘देऊळ’ (२०११) हरवलेल्या करडी गाईपासूनच सुरू होतो. ती सापडते, औदुंबराखाली दत्त दिसतात आणि गावाचा दवाखाना राहून जातो तो राहूनच जातो. थोडक्यात, गाईसाठी अर्ज करावा लागतो, दत्तासाठी नाही. मुहूर्ताला नारळ फोडायला विसरू नका. श्रद्धेच्या बाजारावर चित्रपट काढणारेही पहिल्या क्लॅपआधी कॅमेऱ्याला हार घालतात. अमावस्या टाळा, लाइटमन येत नाहीत.

आता मुख्य सामान, रस्त्याकडेचा देव. ‘पीके’वाले (२०१४) राजकुमार हिरानी जन्माने नागपूरचे, त्यामुळे हा प्रयोग आपल्या घरचाच. परीक्षेच्या दिवशी कॉलेजबाहेर झाडाखाली एक दगड, त्यावर पानाची लाल पिचकारी, पुढ्यात चार नाणी, आणि पोरं आपोआप वाकतात. तुम्ही जरा नीटनेटकं करा. आठ-दहा किलोचा, वर निमुळता दगड घ्या. पाव किलो शेंदूर तेलात घट्ट कालवा आणि दोन हात द्या. पहिला हात सुकू द्या, नाहीतर दुसऱ्याचे ओघळ उतरतात आणि देव ताजा दिसतो. ताज्या देवावर प्रेक्षक विश्वास ठेवत नाही. जुनेपणासाठी वरून थोडी राख चोळा. अर्धा किलो झेंडू, त्यातला निम्मा कालचा. अर्धी नारळाची कवड, विझलेल्या चार उदबत्त्या, एक-दोन रुपयांची नाणी. दहाचं नाणं ठेवू नका, रिहर्सललाच नाहीसं होतं.

गडबड इथून पुढे होते. शॉट लागण्याआधीच एखादा ऑटोवाला जाताजाता हात जोडून जाईल. जाऊ द्या, फुकटचा ज्युनिअर आर्टिस्ट आहे. पण जेवणाच्या सुट्टीत दगडाकडे पाठ करू नका. सावजी हाणून परत याल तोवर तिथे न फुटलेला नारळ आलेला असतो, तुमच्या सामानाच्या यादीत नसलेला. संध्याकाळी कोणीतरी दिवा लावतं. दुसऱ्या दिवशी काठीला झेंडा. तिसऱ्या दिवशी पत्र्याचं शेड आणि देणगीदारांच्या नावाची पाटी. सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ नको असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. पण तो दाखवायचा कोणाला? बांधकाम तर तुमचंच.

म्हणून पॅकअप झाल्या झाल्या दगड उचला, पोत्यात घाला आणि टेम्पोत सगळ्यात खाली ठेवा. सकाळी नेऊ म्हणाल तर शेजारच्या खर्राच्या ठेल्यावरून विचारणा ठरलेली: “काऊन बे, देव उचलून कुठं नेतं?” प्रॉपर्टी आहे, भाड्याची आहे, असं काहीही बोलू नका. ‘जीर्णोद्धाराला नेतो’ म्हणा. आणि ज्या पोराला उचलायला पाठवाल, त्याला चपला काढूनच जायला सांगा.