कोंडा खाणाऱ्या रोहूची बदनामी

‘तळ्यातला मासा खाताय? सावधान!’ हा मेसेज रविवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. त्याचं म्हणणं असं: गोड्या पाण्यातल्या माशात ओमेगा-३ (हृदयाला चांगली म्हणतात ती चरबी) नसतंच, कोंडा-पेंड खाऊन त्याची नुसती चरबी होते, आणि पेंडीतली ‘एन्झाइम बंद पाडणारी रसायनं’ आपल्या पोटात जातात. मी नुकताच गणेश पेठेतून रोहू घेऊन आलो होतो, त्यामुळे राहवलं नाही.

पहिला दावा चक्क उलटा आहे. जवसात असतं त्या अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून (हेही ओमेगा-३च) ईपीए-डीएचए, म्हणजे माशांतली ओमेगा-३, बनवणारी एन्झाइमं (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) रोहूसारख्या माशांकडे असतात; बहुतेक समुद्री माशांची तिथेच बोंब. बांगड्याला ते आयतं मिळतं, सूक्ष्म शैवालं खाणाऱ्या बारक्या जिवांकडून. बांगडा तेलकट, म्हणून ताटात त्यातून ओमेगा-३ जास्त येतं, हे मान्य. पण ‘कमी’ म्हणजे ‘नसतंच’ नव्हे.

दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. कोंड्यात आणि भुईमुगाच्या पेंडीत ओमेगा-६ भरपूर, ओमेगा-३ नावापुरतं. मासळीवाल्या मावशींनी रोहूचं पोट फाडलं तेव्हा आतड्यांभोवती दिसलेली पिवळट चरबी ही साठवण; ती खाद्याप्रमाणे बदलते. मेंदू आणि डोळे मात्र डीएचए सहजी सोडत नाहीत. (आमच्याकडे डोकं टाकत नाहीत ते कालवणाच्या चवीसाठी, ते वेगळं.) शिवाय उजनीत मोकळ्या वाढलेल्या कटल्याला पेंड घालतंय कोण? तो पाण्यातलं प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, खातो.

आता ती ‘रसायनं’. तिळातलं सेसामिन हे द्रव्य डीएचए बनवण्याच्या साखळीतलं डेल्टा-५ डिसॅच्युरेज नावाचं एन्झाइम अडवतं, हे खरं. अडवलं तर डीएचए घटायला हवं ना? स्वीडिश संशोधकांनी २००८ साली रेनबो ट्राउट या माशाच्या वनस्पती तेलाच्या खाद्यात सेसामिन मिसळलं, तर मांसातलं डीएचए वाढलं. नुसत्या नावाला घाबरायचं तर आधी तिळगूळ बंद करा.

सरकीच्या तेलातलं स्टर्क्युलिक आम्ल मात्र खोडकर. चरबीतल्या घट्ट स्टिअरिक आम्लाचं पातळ ओलेइक आम्ल करणारं एन्झाइम ते अडवतं, मग चरबी घट्ट होते. सरकी खाणाऱ्या कोंबडीच्या साठवलेल्या अंड्याचा पांढरा बलक गुलाबी पडतो तो याच्यामुळेच. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाच्या जोडीने त्याने ट्राउटमध्ये यकृताचा कर्करोग वाढवल्याचेही जुने प्रयोग आहेत. तेव्हा तक्रार करायचीच तर बुरशी चढलेल्या पेंडीची करा. मेसेजात तिचा उल्लेखही नाही.